१.६८ चा धसका: इंदूरमधल्या एका काविळीचा प्रकरण अभ्यास

ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. गणपती तोंडावर आले होते आणि दवाखान्यात ताप-जुलाबाच्या रुग्णांची रीघ लागली होती. त्या गर्दीत नाना आले, काकूंचा हात धरून. वय ७१, लेखापाल म्हणून निवृत्त, माझ्या वडिलांचे जुने मित्र. रामबागेत मी लहानाची मोठी झाले ती त्यांच्या डोळ्यांसमोर. त्यामुळे आजही ते मला "बाळ" म्हणतात आणि माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसतानाही एकेरीच बोलतात. त्यांच्या संमतीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. आकडे बदललेले नाहीत, कारण या प्रकरणाचा जीव आकड्यांतच आहे.

"बाळ, दहा-बारा दिवस झाले, तोंडाला चव नाही. पोह्यांचा वास आला तरी उमळून येतं."

इंदूरचा माणूस सकाळच्या पोह्यांना नको म्हणायला लागला की मी हातातलं पेन खाली ठेवते. खाज विचारली, होती. लघवीचा रंग विचारला, तर काकू म्हणाल्या, "काळ्या चहासारखा." खिडकीजवळ नेऊन पापणी खाली ओढली. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झाला होता. ताप नव्हता, पोटात दुखत नव्हतं. यकृत बरगडीखाली बोटभर हाताला लागत होतं, दाबल्यावर किंचित दुखत होतं. बोलणं स्वच्छ, तारीख-वार बरोबर, हात पुढे करायला लावले तर थरथर नाही. रक्तदाब मात्र १६८/९४. नानांचा रक्तदाब गेली कित्येक वर्षं एका गोळीवर १३० च्या आसपास असतो, त्यामुळे हा आकडा मला खटकला.

संध्याकाळी अहवाल आले. कावीळ ज्या पिवळ्या द्रव्यामुळे दिसते ते बिलिरुबिन ६.८, त्यातलं डायरेक्ट ४.९. यकृताच्या पेशी दुखावल्या की रक्तात सांडणारी एन्झाइम्स: एसजीपीटी ११२४, एसजीओटी ८६२. अल्कलाइन फॉस्फटेज १४८, म्हणजे जेमतेम वाढलेलं. यकृत बनवतं ते प्रथिन अल्ब्युमिन ३.७, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आयएनआर १.२, प्लेटलेट्स १ लाख ९६ हजार. पित्ताची वाट तुंबली असती तर फॉस्फटेज कितीतरी वर गेलं असतं. इथे मार बसला होता तो थेट यकृताच्या पेशींना.

वरणातली हळद

रक्तदाब का वाढला, ते आधी विचारलं. काकूंनी सरळ सांगितलं. लघवी पिवळी दिसायला लागल्यावर मुलाचा फोनवर निरोप आला की सगळी औषधं बंद करा, औषधांनी लिव्हर खराब होतं. त्याप्रमाणे रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन आणि कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, दोन्ही सहा दिवसांपूर्वी बंद झाल्या होत्या.

"आणि बाकी काय चालू आहे?"

"बाकी काही नाही. औषध म्हणून काहीच नाही."

या उत्तरावर मी पूर्वी थांबत असे, आता थांबत नाही. "औषध म्हणून नाही, शक्तीचं म्हणून? कुणी दिलेलं, कुणी पाठवलेलं?" तेव्हा काकूंनी पिशवी उघडली. विटामिन ई ४०० ची पाकिटं. "अ‍ॅंटिऑक्सिडंट" असं मोठ्या अक्षरांत छापलेली एक बाटली, तिच्यात बीटा कॅरोटिन, लायकोपिन, सेलेनियम, झिंक. ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल. आणि एक देखणी काचेची बाटली, त्यावर इंग्रजीत लिहिलेलं: कर्क्युमिन ९५ टक्के, पायपेरिनसह, ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोन वेळा.

ही चारही अजून चालू होती. आज सकाळीसुद्धा घेतली होती.

त्यानंतर काकू जे बोलल्या ते मी विसरू शकत नाही. मी पथ्याचं विचारत होते. त्या म्हणाल्या, "पथ्य अगदी कडक आहे. डोळे पिवळे दिसले त्याच दिवशी मी वरणातली हळद बंद केली. आठ दिवस पांढरं वरण खातोय आम्ही दोघं." काविळीत हळद-तेल वर्ज्य, हा आपल्याकडचा जुना पाठ, आणि काकूंनी तो निष्ठेने पाळला होता. मी ती काचेची बाटली उलटी धरून त्यांना दाखवली आणि म्हटलं, "काकू, ही हळदच आहे." त्यांनी ती हातात घेतली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. बाटली पुण्याच्या लेकीने पाठवलेली होती.

हिशेब मांडून पाहा. स्वयंपाकाच्या हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असतं. अशा दोन कॅप्सूलमध्ये मिळून ९५० मिलिग्रॅम. तेवढं मिळवायला जवळजवळ ३२ ग्रॅम हळद रोज पोटात जायला हवी. वरणात चिमूट-दोन चिमूट जाते. शिवाय वरणातलं कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारसं शिरतच नाही, आणि तेच त्याचं एक संरक्षण आहे. मिरीतलं पायपेरिन ती वाट उघडतं. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं की माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपेरिन दिलं, तर कर्क्युमिनची रक्तातली उपलब्धता सुमारे वीस पटींनी वाढते. बाटलीवर ही गोष्ट गुण म्हणून छापतात. पण पायपेरिन यकृताचं पदार्थ बाहेर टाकण्याचं काम काही अंशी अडवून हे साधतं, आणि ज्याच्यावर हा प्रयोग चालू आहे त्याला ते कुणी सांगत नाही.

वही

नाना लेखापाल होते, त्याचा या निदानात मोठा वाटा आहे. सहाशे पानी जुनी वही, डावीकडे तारीख, उजवीकडे नोंद. दूधवाल्याचा हिशेब, गॅस कधी लागला, कुठली गोळी कधी सुरू केली, सगळं एकाच अक्षरात. औषधामुळे झालेल्या यकृताच्या इजेत रक्ताची एकही तपासणी "हाच गुन्हेगार" असं सांगत नाही. सांगतात त्या तारखा. आणि तारखा बहुतेक घरांत कुणालाच आठवत नाहीत.

वहीतून उतरून घेतलं ते असं. गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये एका आरोग्य पॅकेजमध्ये तपासणी, आणि त्याच आठवड्यात विटामिन ई सुरू. जूनमध्ये नेहरू पार्कात सकाळी सोबत फिरणाऱ्यांपैकी एकाच्या सांगण्यावरून ग्रीन टीचा अर्क. डिसेंबरात दवा बाजारातून आणलेली ती अ‍ॅंटिऑक्सिडंटची बाटली. यंदाच्या एप्रिलमध्ये कोलेस्टेरॉलच्या गोळीसाठी मी केलेली तपासणी, एसजीपीटी ३४. आणि २० जूनला, लाल शाईने, "हळद कॅप्सूल, चि. ताईने पाठवल्या. स. १, रा. १." माझ्याकडे ते आले २६ ऑगस्टला. मधले दिवस ६७.

एप्रिलची ती एक ओळ फार मोलाची ठरली. तोवर दहा महिने ग्रीन टीचा अर्क चालू होता, तेरा महिने विटामिन ई चालू होतं, सहा वर्षं अ‍ॅटोरव्हास्टॅटिन चालू होती, आणि यकृत शांत होतं. त्यानंतर नवीन आली ती एकच वस्तू.

बाकीचं वगळणं

पण वहीवर भाळून चालत नाही. पावसाळ्यात इंदूरमध्ये कावीळ दिसली की पहिला संशय पाण्याचा, म्हणजे हिपॅटायटिस ई आणि ए चा. दोन्हींची आयजीएम, म्हणजे ताज्या संसर्गाची चाचणी, नकारात्मक. बी आणि सी नकारात्मक. डेंग्यू, मलेरिया, लेप्टोस्पायरा, स्क्रब टायफस, सगळं तपासलं, कारण एका आठवड्यात हे सगळे माझ्या दवाखान्यात येऊन गेले होते. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली नाही, खडा नाही. हृदयाची तपासणी ठीक, म्हणजे रक्तपुरवठा कमी पडून झालेली इजाही नव्हे. दारू आयुष्यात नाही. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते त्या ऑटोइम्यून हिपॅटायटिससाठी प्रतिपिंडांच्या दोन तपासण्या केल्या. एएनए अगदी सौम्य सकारात्मक आला, पण आयजीजी सामान्य. या वयात असा सौम्य एएनए पुष्कळांचा असतो, तरी तो मनात ठेवून दिला.

गुळवेल मुद्दाम विचारली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांची यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हापासून हा प्रश्न मी कुणालाच विचारायचा सोडत नाही. नानांनी करोनाच्या काळात काढा घेतला होता, त्यानंतर नाही. वहीनेही तेच सांगितलं.

राहिले दोन संशयित: हळदीची कॅप्सूल आणि ग्रीन टीचा अर्क. दोघांची यकृताला इजा करण्याची कीर्ती सिद्ध आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली नोंदवलं की ग्रीन टीमधला मुख्य घटक ईजीसीजी पूरक म्हणून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक घेतल्यास यकृताची एन्झाइम्स वाढू शकतात. नानांच्या कॅप्सूलमध्ये ते साधारण निम्मं होतं. हळदीबाबत अमेरिकेत औषधजन्य इजेची नोंद ठेवणाऱ्या यकृततज्ज्ञांच्या गटाने २०२२ मध्ये दहा रुग्णांचं वर्णन केलं. त्यातल्या सात जणांत एचएलए-बी ३५:०१ हा एकच जनुकप्रकार सापडला, तिघांच्या गोळ्यांत मिरीचा अर्क होता, आणि एक जण यकृत निकामी होऊन दगावला. हाच जनुकप्रकार ग्रीन टीच्या इजेतही सापडतो. म्हणजे दोन वेगळ्या वनस्पती, पण ज्यांना त्या बाधतात त्यांची ठेवण एकच. नानांचा हा जनुक आम्ही तपासला नाही. महाग चाचणी, आणि उत्तर काहीही आलं असतं तरी उपचार बदलला नसता.

मग रुकाम मोजणी केली. यकृताची इजा अमुक औषधानेच झाली का, हे गुण देऊन ठरवायची ही पद्धत १९९३ पासून वापरात आहे आणि यकृततज्ज्ञांच्या रोजच्या सवयीची आहे. सुरुवातीपासूनचा काळ ९० दिवसांच्या आत: २ गुण. बंद केल्यावर महिन्याच्या आत एसजीपीटी निम्म्याहून खाली: २. इतर कारणं वगळली: २. यकृताला इजा करू शकते हे आधी प्रसिद्ध झालेलं आहे: १. ग्रीन टी सोबत होती म्हणून उणे २. आणि वय ५५ च्या वर: १. बेरीज ६, म्हणजे "बहुधा हेच कारण". "निश्चित" म्हणण्याइतके गुण नाहीत, आणि मी तसं म्हणणारही नाही. तोच पदार्थ पुन्हा देऊन पाहिला तर खात्री पटेल, पण तो प्रयोग कुणावरही करायचा नसतो.

वयाचा तो एक गुण लक्षात ठेवा. तो पुढे परत येणार आहे.

मार्चमधला आकडा

आता मूळ प्रश्नाकडे येते. तब्येतीने ठणठणीत, रोज चार किलोमीटर चालणारा, निर्व्यसनी माणूस चार-चार बाटल्या का घ्यायला लागला?

गेल्या मार्चचा तो पॅकेजचा अहवाल मी काढून पाहिला. एसजीपीटी ३१, एसजीओटी २८, प्लेटलेट्स २ लाख १० हजार. सोनोग्राफीत "ग्रेड १ फॅटी लिव्हर". आणि शेवटच्या पानावर, नारिंगी पट्टीत, फिब-४: १.६८, "मध्यम धोका". खाली एक वाक्य, यकृतात जखमेसारखे व्रण तयार होत असण्याची शक्यता, तज्ज्ञांना भेटा.

फिब-४ हे सूत्र २००६ साली एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी हे दोन्ही असलेल्या रुग्णांसाठी आलं, नंतर फॅटी लिव्हरसाठीही रुळलं. वय गुणिले एसजीओटी, आणि त्याला भागायचं प्लेटलेट्स गुणिले एसजीपीटीच्या वर्गमुळाने. १.३ च्या खाली काळजी नाही, असं सर्वसाधारणपणे मानतात. पण सूत्रात वय अंशस्थानी बसलेलं आहे. नानांचेच मार्चमधले रक्ताचे आकडे एखाद्या चाळीस वर्षांच्या माणसाचे असते तर उत्तर आलं असतं ०.९६, आणि पट्टी हिरवी छापली गेली असती. त्यांचं आलं १.६८, केवळ ते सत्तर वर्षांचे होते म्हणून. म्हणूनच पासष्टीनंतर ही खालची मर्यादा १.३ ऐवजी २.० धरायची असते. प्रयोगशाळेच्या संगणकाने ती धरली नव्हती.

म्हणजे नानांच्या यकृतात काही झालं नव्हतं. त्यांच्या वयालाच यकृताचा रोग म्हणून छापून दिलं गेलं होतं.

तो अहवाल घेऊन ते तेव्हा माझ्याकडे आले होते. मी पानं चाळली आणि म्हटलं, "काही नाही नाना, वयानुसार होतं हे." मला म्हणायचं होतं, वय आकड्यात मिसळल्यामुळे आकडा वाढला. त्यांनी ऐकलं ते असं: वयानुसार माझं लिव्हर झिजतंय. त्यांनी पुढे विचारलं, "विटामिन ई घेऊ का? पेपरात वाचलं, लिव्हरला चांगलं." आणि मी, बाहेर पाच रुग्ण बसलेत म्हणून, म्हणाले, "घ्या, काही बिघडत नाही." त्या वाक्याची नोंदही वहीत आहे, माझ्या नावासकट. पहिली गोळी माझ्या परवानगीने सुरू झाली, आणि डॉक्टरांनी एकाला हो म्हटलं की बाकीच्या तिघींना दार उघडंच असतं. हे मी नानांना स्पष्ट सांगितलं आणि माफी मागितली.

म्हातारं यकृत आणि गंजाची कल्पना

पेपरात जे वाचलं ते सगळं खोटं नव्हतं. अमेरिकेत २४७ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. विटामिन ई रोज ८०० युनिट, ९६ आठवडे. यकृतातली सूज सुधारलेले ४३ टक्के, नुसती साखरेची गोळी घेतलेल्यांत १९ टक्के. पण त्या सगळ्यांच्या यकृताचा तुकडा काढून, त्यात चरबीबरोबर सूज आहे हे सिद्ध करून मग त्यांना चाचणीत घेतलं होतं, आणि त्यांच्यात मधुमेही कुणी नव्हतं. तो एका विशिष्ट आजाराचा उपचार होता. सोनोग्राफीतल्या "ग्रेड १" या दोन शब्दांचा नव्हे, आणि सत्तरीचा तर नव्हेच.

या साऱ्यामागे जी कल्पना आहे ती १९५६ ची. डेनहॅम हार्मन यांनी मांडलं की प्राणवायू वापरताना शरीरात तयार होणारे मुक्त मूलक, म्हणजे अस्थिर रेणू, पेशींना हळूहळू खात जातात आणि त्यालाच आपण म्हातारपण म्हणतो. कल्पना सुंदर आहे आणि बोलीत सहज उतरते: शरीर गंजतं, अ‍ॅंटिऑक्सिडंट गंज काढतं. जाहिरातींनी हे वाक्य तेवढं उचललं. अडचण अशी की पेशी हे मूलक निरोप पोचवायलाही वापरतात. थोडा ताण आला की पेशी स्वतःची संरक्षक एन्झाइम्स वाढवते. बाहेरून भरपूर अ‍ॅंटिऑक्सिडंट ओतलं की तो निरोप पोचतच नाही. जर्मनीत २००९ साली तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करवला. निम्म्यांना सोबत विटामिन सी १००० मिलिग्रॅम आणि ई ४०० युनिट रोज. व्यायामाने इन्सुलिनचं काम सुधारायला हवं, ते गोळ्या न घेणाऱ्यांत सुधारलं, घेणाऱ्यांत नाही. नाना रोज नेहरू पार्कात चालून जे कमवत होते, त्यातलं काही घरी येऊन गोळीबरोबर घालवत नव्हते ना, हा विचार मला सोडत नाही, जरी त्या चाचणीतली मुलं त्यांच्या नातवाच्या वयाची होती.

मोठ्या प्रमाणावर काय झालं तेही आता माहीत आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत निम्म्यांना बीटा कॅरोटिन देऊन पाहिलं. १९९४ चा निकाल: फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेत ३५ हजारांहून अधिक पुरुषांच्या चाचणीत विटामिन ई ४०० युनिट घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त निघाला, २०११ साली. २००७ मध्ये ६८ चाचण्या आणि २ लाख ३२ हजार लोक एकत्र घेऊन पाहिलं, तेव्हा नीट आखलेल्या चाचण्यांत बीटा कॅरोटिन, विटामिन ए आणि ई घेणाऱ्यांत मृत्यू कमी नव्हे, किंचित जास्तच आढळले. नानांच्या पिशवीतल्या चारपैकी दोन बाटल्यांत हेच घटक होते. "काही बिघडत नाही" हे माझं वाक्य मी पुन्हा कधी वापरलेलं नाही.

आता खरं म्हातारं यकृत कसं असतं ते सांगते, कारण त्यावरच या प्रकरणाची दुसरी बाजू उभी आहे. तारुण्यापासून उतारवयापर्यंत यकृताचं आकारमान साधारण २० ते ४० टक्क्यांनी कमी होतं, रक्तप्रवाह त्याहूनही कमी होऊ शकतो. पेशींत तपकिरी रंगाचा लिपोफ्युसिन साचतो. बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चाळणीसारखी भोकं असतात, त्यातली पुष्कळ बुजतात आणि अस्तर जाड होतं. इजा झाली की नवीन पेशी तयार होण्याचा वेग मंदावतो. औषधं मोडून काढण्याचं पहिल्या टप्प्यातलं काम सावकाश चालतं. आणि एवढं सगळं होऊनही रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या सामान्यच राहतात. निरोगी म्हाताऱ्या माणसाचा एसजीपीटी वयामुळे वाढत नाही. म्हणून वयस्क माणसाचं एसजीपीटी वाढलं तर "वयामुळे" म्हणून सोडून देता येत नाही, आणि सामान्य असेल तर केवळ वयाकडे बोट दाखवून त्याच्या पोटात बाटल्या रिकाम्या करता येत नाहीत.

झिजलेल्या दोरीवर जास्त ओझं टांगत नाहीत, हे विहिरीवर पाणी काढणारं पोरही जाणतं. नानांच्या यकृतात रोजचं काम निभवायला पुरेशी ताकद होती, शिल्लक मात्र पूर्वीइतकी नव्हती. नेमकं त्या वयात, त्या वयाच्याच भीतीने, त्यांनी चार नव्या गोष्टींचं ओझं त्यावर टाकलं. रुकामच्या मोजणीत पंचावन्नच्या पुढे एक गुण जास्त का, ते यावरून समजेल.

अठ्ठ्याऐंशी दिवस

पहिल्याच संध्याकाळी चारही बाटल्या बंद, अ‍ॅम्लोडिपिन परत सुरू. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन निर्दोष होती याची मला जवळजवळ खात्री होती, तरी यकृत शांत होईपर्यंत थांबवली.

झिमरमन या यकृततज्ज्ञांच्या निरीक्षणावरून आलेला एक नियम आहे. औषधाने यकृताच्या पेशींना इजा झाली आणि त्यावर कावीळही आली, तर दहातल्या एका रुग्णाच्या बाबतीत मृत्यू येतो किंवा यकृत बदलायची पाळी येते. नाना त्या नियमात बसत होते. म्हणून मी त्यांना यकृततज्ज्ञांकडे पाठवलं आणि त्यांनी चार दिवस दाखल करून घेतलं. करायचं ते फारच थोडं होतं: दर एक-दोन दिवसांनी आयएनआर पाहायचा, झोप उलटसुलट होतेय का, बोलणं अडखळतंय का, या यकृत हात टेकत असल्याच्या खुणा काकूंना पाहायला शिकवायच्या, आणि वाट बघायची. चौथ्या दिवशी एसजीपीटी १०१० झालं, पण बिलिरुबिन ७.९ वर गेलं आणि आयएनआर १.३. आठव्या दिवशी एसजीपीटी ६४०, बिलिरुबिन ८.२. एसजीपीटी उतरत असताना बिलिरुबिन काही दिवस चढतं, हे मला पाठ आहे, तरी ते दोन आठवडे मी रात्री फोन उशाशी ठेवून झोपले. तज्ज्ञांचं ठरलं होतं की एकविसाव्या दिवशी उतार दिसला नाही तर यकृताचा तुकडा काढून पाहायचा, त्या सौम्य एएनएमुळे. ती वेळ आली नाही. एकविसाव्या दिवशी एसजीपीटी १९० आणि बिलिरुबिन ३.४. खाज थांबली, त्या रात्री त्यांना सलग झोप लागली.

या काळात सगळ्यात अवघड गेलं ते नातेवाइकांना थोपवणं. गणपतीत घरी येणारा प्रत्येक जण एक नाव सांगून जायचा. कुणाचा काढा, कुणाची माळ, कुणाचं लिव्हर टॉनिक. मुलानेही विचारलं, "ताई, निदान लिव्हरचं एखादं सिरप?" मी नाही म्हटलं. "उपाशी नको, तेलकट नको, आणि नवीन काहीही नको, पाणीसुद्धा उकळून आपल्याच घरचं." पुण्याच्या लेकीला मी स्वतः फोन केला. ती रडत होती. तिने ती बाटली पंचवीस दिवस शोधून, लोकांचे अभिप्राय वाचून मागवली होती. तिच्या घरातही तीच बाटली होती, सासूबाईंसाठी. ती त्या दिवशी बंद झाली.

शेहेचाळिसाव्या दिवशी एसजीपीटी ५२, बिलिरुबिन १.३. अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी, नोव्हेंबरात, एसजीपीटी २७, एसजीओटी २९, बिलिरुबिन ०.८, प्लेटलेट्स २ लाख ४ हजार. अ‍ॅटोरव्हास्टॅटिन परत सुरू केली. महिन्याने पुन्हा तपासलं, जैसे थे.

अठ्ठ्याऐंशीव्या दिवसाचा अहवाल घेऊन दोघं आले तेव्हा शेवटच्या पानावर परत ती नारिंगी पट्टी होती. फिब-४: १.९४, मध्यम धोका. मी काही बोलायच्या आत नानांनी वही पुढे सरकवली. मी त्यांना सप्टेंबरात सूत्र लिहून दिलं होतं. त्यांनी वर्गमूळ काढून आकडा स्वतः पडताळला होता, बाजूला लिहिलं होतं, "वय ७१, मर्यादा २.०, ठीक." त्याखाली आणखी एक ओळ होती. रक्ताचे आकडे हेच राहिले असं धरून त्यांनी पुढची वर्षं मांडली होती. ७४ व्या वर्षी उत्तर येतं २.०२.

"म्हणजे बाळ, मला काही न होताच तीन वर्षांनी मी ओळ ओलांडणार."

"ओलांडाल. तेव्हा फायब्रोस्कॅन करू. त्यात यकृत किती कडक झालंय ते थेट मोजतात, वय विचारत नाहीत."

त्यांनी ते शब्द ७४ समोर लिहून घेतले. काकू उठता उठता थांबल्या. त्यांच्या मनात दुसरंच काही होतं. त्या घरात अजून पांढरंच वरण शिजत होतं.

"वरणात हळद घालू आता?"

"घाला काकू. पूर्वी घालायचात तेवढीच."